कासाराची लांबडी

रस्ता तुम्ही अडवला होता, साहेब. एक्केचाळीस मिनिटं. माझ्या हातात घड्याळ होतं आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी ती मोजली. तुमच्या अहवालात लिहिलंय, 'वाहतूक अल्पकाळ नियंत्रित करण्यात आली होती.' अल्पकाळ! चौथी पास बाईला असले शब्द कळायला वेळ लागतो. पण एकदा कळले की ती ते विसरत नाही.

मंगळवार होता, पारगव्हाणचा आठवडी बाजार. आमची गाडी चिंचेखाली उभी होती, मागचं दार वर, आणि ते डोक्यात पडू नये म्हणून त्याला बाभळीची काठी टेकवलेली. मी मागच्या कडेवर बसून एका आजीला बांगड्या भरत होते. हात कडक होता तिचा. मी अंगठा आत दाबून धरला होता आणि ती ओरडत होती, "मोडतीस का काय गं हात!" तेवढ्यात केवळबाई पळत आली. डोक्यावर पदर नव्हता.

"कासारणी, ऊठ. शिवकन्येला झटका आला. डोळं पांढरं केलंन."

शिवकन्या तिची सून. नववा सरत आला होता. सातव्यात मीच तिचा हिरवा चुडा भरला होता. हसरी पोरगी, बांगडी चढताना गाणं म्हणायची.

"दवाखान्याला फोन केला का?" माझ्या नवऱ्यानं, श्रीधरनं विचारलं.

"दोनदा केला. गाडी बाहेर गेलीया म्हणत्यात. कवा येणार म्हणलं तर सांगता येत न्हाई म्हणत्यात." केवळबाईनं गाडीच्या मागच्या भागाकडं बघितलं. "तुमची लांबडी हाय. हिच्यात आडवं झोपता येतं."

लांबडी म्हणजे आमची गाडी. आमच्या घरी आली तेव्हा तिचे तीन मालक होऊन गेले होते. पुढून बघितली तर मोटार, मागून बघितली तर टेम्पोचं पोर. छत शेवटपर्यंत सरळ गेलेलं आणि मागं डिकीच्या जागी एक खोलीच. मागची सीट पाडली की माणूस हातपाय पसरून झोपेल एवढी सपाट जागा. रंग कधीकाळी लाल असावा. उजवीकडचं मागचं दार फक्त आतून उघडायचं. दुसरा गिअर हातानं दाबून धरावा लागायचा, सोडला की निसटायचा. सकाळी सुरू नाही झाली तर सगळ्यांनी उतरून ढकलायची, म्हणून श्रीधर ती कायम उताराकडं तोंड करूनच लावायचा. सासू, सासरे, आम्ही दोघं, दोन पोरं आणि बांगड्यांचे खोके, असा सगळा संसार तिच्यात मावायचा. पोरं खोक्यांच्या मधे झोपायची. दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी एकेक बाजार. मला त्या गाडीचा कंटाळा होता आणि तिच्यावाचून आमचं चालत नव्हतं. नवऱ्याचं असतं तसंच.

ती घरी आली त्या दिवशी चौकात कुणीतरी बोललं होतं, "कासारा, मढी न्यायची गाडी आणलीस का रे?" लोक हसले. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणायचे, ते नाही हसले. त्यांनी तिथंच नियम करून टाकला. ह्या गाडीत मेलेलं माणूस चढणार नाही. आमच्या धंद्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बांगडी फुटली असंसुद्धा आम्ही म्हणत नाही, वाढली म्हणतो. ज्या गाडीतून प्रेत गेलं, तिच्यातला चुडा कुठली सवाष्ण हातात भरून घेईल? पुढं पाटलांचे वडील शहराच्या दवाखान्यात वारले तेव्हा पाटील स्वतः गाडी मागायला आले होते. मामांनी हात जोडले आणि नाही म्हणाले. तेव्हापासून पाटलाच्या वाड्यावरच्या बायका आमच्याकडून बांगडी घेत नव्हत्या.

तर त्या मंगळवारी मामांनी काय केलं ते ऐका. त्यांनी खोके उचलून धडाधड रस्त्यावर टाकायला सुरुवात केली. आतून काच वाजत होती.

"मामा, हळू की."

"हळू काय? पोरगी मरंल तिकडं. सीट पाड."

दहा मिनिटांत शिवकन्येला घोंगडीत धरून आणली. चेहरा सुजलेला, हात सुजलेले. शुद्धीवर आली होती. केवळबाईनं थोरल्या नातीला कडेवर घेतलं होतं. "हिला कुणाजवळ टाकू? तुमी निघा, मी मोटारसायकल बघून येते मागनं." शिवकन्येचा नवरा अंगद पुढं श्रीधरशेजारी बसला. मागं तिच्या उशाला मी. मामा दार लावायला आले तेव्हा माझ्या कानाशी वाकले.

"रत्ना, ध्यान दे. जिवंत चढली तशी जिवंत उतरली पायजे. तसं काय वाटलं तर गाडी थांबव, झाडाखाली उतरवा तिला. गाडीत जीव जाऊ देऊ नको."

मी मान हलवली. आज हे लिहिताना चीड येते. तेव्हा आली नव्हती. तेव्हा मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

रस्ता माहीत आहे तुम्हाला. खड्डे तुमचेच. श्रीधर एका हातानं गिअर दाबून धरत होता, दुसऱ्यानं खड्डे चुकवत होता. अंगद मान वळवून बघत होता आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होता.

"शिवकन्या, गाडी कशी हाय? तुला मोटारीत बसायचं हुतं न्हवं?"

"आडवी नव्हती बसायची," ती म्हणाली. आम्ही हसलो. खरंच हसलो.

मग ती मला म्हणाली, "वहिनी, बांगड्या काढा. रुतायल्यात."

मी बघितलं. मनगटं इतकी सुजली होती की चुडा मांसात गेला होता. पण भरल्या पोटाच्या बाईचा चुडा कासारीण काढत नाही. लहानपणापासून हेच शिकलेले. मी म्हणाले, "पोर होऊ दे. मग काढते, नवा भरते, लाल भरते."

"लाल नको. अंजिरी."

"बरं, अंजिरी."

आणि फाट्यावर तुम्ही उभे होता.

रस्त्यात आडवा बांबू, तीन-चार शिपाई, तुमची जीप. आमच्या पुढं उसाचा एक ट्रॅक्टर, दोन मोटारसायकली. श्रीधर पळत तुमच्याकडं गेला. काच खाली होती, मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, बाळंतपणाची बाई आहे. झटके येतायत. सोडा आम्हाला."

"मंत्रीमहोदय येतायत. दहा मिनिटं."

"साहेब, अकराच किलोमीटरवर दवाखाना आहे, तेवढ्यात आम्ही..."

"कळतंय ना? दहा मिनिटं." मग तुम्ही आमच्या गाडीकडं बघितलंत. "आणि ही कसली गाडी? असल्या मालाच्या गाडीतून पेशंट नेतात? दवाखान्याची गाडी का नाही मागवली?"

"मागवली, साहेब. बाहेर गेली म्हणतात."

"मग थांबायचं."

अंगद उतरला. तो तुमच्या पाया पडला, ते तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल. तुमच्या पाया रोज कुणीतरी पडत असेल. शिपायानं त्याला दंड धरून बाजूला नेलं आणि चांगल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, माझ्या हातात असतं तर केव्हाच सोडलं असतं." श्रीधर तिथंच हात जोडून उभा राहिला. गाडीत आम्ही दोघीच.

दहा मिनिटं झाली, वीस झाली, तीस झाली. पत्रा तापला होता. मी पदरानं वारा घालत होते. ती म्हणाली, "डोळ्यांपुढं काळं काळं येतंय." मग परत झटका आला. मी तिची मान धरली, दातांत पदराचा बोळा घातला. झटका संपला तेव्हा दुरून सायरन ऐकू आला, आणि पांढऱ्या गाड्यांची रांग आमच्या समोरून जायला लागली.

चौथी की पाचवी गाडी होती. आपल्या तालुक्याच्या दवाखान्याची रुग्णवाहिका. मी तिला ओळखते, डावा दिवा फुटका होता. पुढं डॉक्टरसाहेब बसले होते. मागची काच पारदर्शक होती. आतलं स्ट्रेचर रिकामं होतं, चादर ताणून बसवलेली. मंत्र्याला काही झालं तर म्हणून ती मागं फिरत होती. मंत्र्याला काही झालेलं नव्हतं.

मी खाली बघितलं. शिवकन्या माझ्या मांडीवर होती, तोंड उघडं, आणि श्वास नव्हता. मी नाकाशी हात धरला. बांगडीची काच धरली, तिच्यावर वाफ येते का बघितलं. छातीवर कान लावला. काहीच नाही. पोटावर हात ठेवला. तिथंही काही नाही.

मी ओरडायला हवं होतं. तुम्ही सगळे तिथंच होता. मी तोंड उघडलं आणि मला मामांचा आवाज ऐकू आला. रस्त्यावर टाकलेले खोके दिसले. माझी दोन पोरं दिसली. मी तोंड मिटलं.

तेव्हा तुम्ही गाडीजवळ आलात, मागच्या काचेपाशी वाकलात, कपाळावर हाताची सावली धरून आत बघितलंत. माझी-तुमची नजरानजर झाली. तुम्ही लगेच ताठ झालात आणि ओरडलात, "काढा तो बांबू! जाऊ द्या यांना! लवकर!"

मी मनात तुम्हाला हात जोडले. म्हटलं, माणूस आहे.

अंगद धावत येऊन बसला. "वहिनी, कशी हाय?"

"निजलीय."

मी तिचे डोळे मिटले. तोंडावर पदर ओढला, ऊन लागतं म्हणून सांगितलं. अकरा किलोमीटर तो मान वळवून वळवून तिच्याशी बोलत होता. "आलोच आता. दिसायला लागली बघ दवाखान्याची टाकी." मी 'हं' म्हणत होते. तिच्या वतीनं मी हं म्हणत होते, साहेब.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते, ते कुठं होते ते सांगितलंच. गायसमुद्रे सिस्टर एकट्या होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा. आम्ही तिला ओट्यावर उतरवली. सिस्टरांनी मानेला बोटं लावली, पापणी वर करून बॅटरी मारली.

"ही वाटेतच गेलीय. बराच वेळ झाला."

अंगदला वाक्य कळलंच नाही. आणि मी बोलले.

"न्हाई सिस्टर. आत्ता उतरवताना बोलली ती."

"काय म्हणता बाई? बाहुल्या बघा की."

"बोलली?" अंगद माझ्याकडं वळला. "काय बोलली?"

एक खोटं बोललं की त्याला हातपाय द्यावे लागतात. "पाणी मागितलं," मी म्हणाले.

"पाणी मागितलं आन् तुमी बॅटरी मारत बसला?" तो सिस्टरांच्या अंगावर गेला. लोक जमले. कुणीतरी खुर्ची फेकली. सिस्टर भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा एकच सांगत होत्या, "अहो, मेलेलीच आणली होती. या बाईंना विचारा." सगळे मला विचारत होते. मी सगळ्यांना सांगत होते, जिवंत उतरवली.

संध्याकाळी मामांनी गाडीचा मागचा भाग गोमूत्रानं धुतला. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं मला वाटतं. म्हणूनच विचारलं नसेल.

आठ दिवसांनी अंगदनं अर्ज दिला, रस्ता अडवल्यामुळं बायको गेली म्हणून. चौकशी तुमच्याकडंच आली. ज्यानं रस्ता अडवला त्यानंच चौकशी करायची, ही तुमची पद्धत. तुम्ही मला खुर्ची दिली, चहा मागवला. मामा दाराशी चपला काढून उभे होते.

"बाई, घाबरू नका. फाट्यावरून निघताना ती जिवंत होती?"

मी मामांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

"होती."

"दवाखान्यात उतरवताना?"

"होती. पाणी मागितलं."

"पाणी मागितलं," तुम्ही शिपायाला लिहायला सांगितलंत. "आणि सिस्टरनं दिलं नाही."

"तसं मी म्हणाले न्हाई."

"दिलं का?"

"न्हाई, पण..."

"मग झालं की. सही येते?"

सही येत होती. केली. अंगदचा अर्ज निकाली निघाला. फाट्यावरून जिवंत गेलेली बाई फाट्यामुळं मरू शकत नाही. गायसमुद्रे सिस्टरांवर हलगर्जीपणाचा ठपका आला, वेतनवाढ बंद, बदली पार जंगलाच्या टोकाला.

गाडी मात्र स्वच्छ राहिली. नऊ वर्षं आणखी चालली. दीड वर्षानं केवळबाई अंगदच्या दुसऱ्या बायकोला घेऊन आमच्याकडंच आली. नवी सून गाडीच्या त्याच मागच्या कडेवर बसली, मी तिच्या हातात चुडा भरला. अंगद लांब उभा होता. बायका उठल्यावर जवळ आला.

"वहिनी, तिनं पाणीच मागितलं न्हवं? का दुसरं कायतरी म्हणली?"

"पाणीच."

"लहान घोट तरी द्यायला पायजे हुता," तो म्हणाला. तो अजून घरात कुणी पाणी मागितलं की हातातलं काम टाकून उठतो. हे मी केलेलं आहे.

मामा गेले. मग गाडी भंगारात गेली, आणि मला वाटलं आता सुटले. सुटले नाही. मागच्या वर्षी पत्ता काढून गायसमुद्रे सिस्टरांच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात तुळस नाही, कोरफड. त्यांनी मला लगेच ओळखलं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच.

"तुम्ही खोटं बोलत होता ते मला तेव्हाच माहीत होतं," त्या म्हणाल्या. "का, ते कळत नव्हतं. मला वाटलं, त्या साहेबानं दम दिला असेल तुम्हाला."

"न्हाई. कुणी दम दिला न्हाई. गाडीसाठी बोलले."

"गाडीसाठी?"

"गाडीत मेली म्हटलं असतं तर बांगड्या कुणी घेतल्या नसत्या."

रागावतील, शिव्या देतील, हाकलतील असं वाटलं. त्या फक्त म्हणाल्या, "मग त्यानं दम का नाही दिला?"

परतीच्या एसटीत मला ते कळलं. चौदा वर्षांनी कळलं, इतकी मी हुशार. तुम्ही काचेतून वाकून बघितलंत तेव्हा रांग संपली नव्हती. मागं अजून तीन गाड्या यायच्या होत्या. एक्केचाळीस मिनिटं जिवंत बाईसाठी जो बांबू हलला नाही, तो मंत्र्याच्या गाड्या संपायच्या आत का हलला? तुम्ही बघितलं होतंत. ती तुमच्या फाट्यावर मेलेली तुम्हाला नको होती, आमच्या गाडीत मेलेली आम्हाला नको होती. म्हणून तुम्ही दम दिला नाहीत. गरजच नव्हती. माझ्याकडून हवं ते मी आपणहून देत होते, वर चहाही प्याले.

मी घरी येऊन श्रीधरला सांगितलं, आता सगळ्यांना सांगणार. तो म्हणाला, "आता कुणाचं भलं होणार त्यानं?" मी म्हणाले, भलं नको, खरं पाहिजे. अंगदला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी पाणी मागितलंच न्हाई?" मी म्हणाले, नाही. तो उठून गेला. परत बोललेला नाही. पारगव्हाणच्या बाजारात माझ्यापुढं आता बायका बसत नाहीत. बसू नयेत. त्याची तक्रार मी तुमच्याकडं करत नाही.

तुमच्या कार्यालयात मी तीन अर्ज दिले. माझा जबाब खोटा होता, माझ्यावर काय गुन्हा घालायचा तो घाला, असं स्पष्ट लिहिलं. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, 'प्रकरण यापूर्वीच निकाली काढण्यात आले आहे.' तिसरा घेऊन स्वतः आले. खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, साहेब मोठ्या हुद्द्यावर गेले. आणि खोटं बोलल्याचं कबूल करायला कुणी येतं का? जा घरी."

मी घरी आले आणि हे लिहिलं. जिथं छापतील तिथं देणार आहे. माझं पाप माझ्या नावानिशी लिहिलंय, त्यातली एक ओळ झाकलेली नाही. आता तुमची पाळी. गायसमुद्रे सिस्टर पुढच्या पावसाळ्यापर्यंत असतील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. त्यांच्या सेवापुस्तकात अजून लिहिलेलं आहे की त्यांच्या हातून एक बाई मेली. ती ओळ कोण खोडणार आणि कोणत्या तारखेला? सही करून लेखी द्या.